‘एकच लेव्हल राहिलीय, आलोच!’

चवथीच्या दिवसांत गोव्यातल्या कुठल्याही भरल्या घरात हे वाक्य कानावर पडतं. आरती आटोपलेली असते, पानं मांडलेली असतात, आतून हाका चाललेल्या असतात, आणि सोप्यावर मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला पोरगा ‘एकच लेव्हल’ म्हणत असतो. मोठी माणसं चिडतात. पण तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं वाटतं, आणि तसं वाटावं म्हणून कुणीतरी बसून बारीक हिशेब केलेला असतो. त्या हिशेबातलं गणित मला फार आवडतं, म्हणून ते आधी सांगतो.

कामगिरीचे गुण साठवायचे आणि ते पुरेसे झाले की पात्राची लेव्हल वाढवायची, ही पद्धत रुजली ती कागदावर. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे आणि कल्पनाशक्तीवर चालणारा खेळ काढला. त्यात राक्षस मारल्याचे गुण होतेच, शिवाय खजिना सुखरूप बाहेर आणल्याचेही होते. त्यामुळे हुशार खेळाडू लढाई टाळून खजिना पळवायच्या युक्त्या शोधत. गुण कशाला द्यायचे हे ठरलं की लोक काय करणार हेही बरंचसं ठरतं. १९८६ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या व्हिडिओ गेमने ही पद्धत जपानमध्ये घरोघरी टीव्हीला जोडलेल्या यंत्रांवर नेली.

आता आकड्यांकडे येऊ. प्राणी पकडून लढवायच्या ‘पोकेमॉन’ या व्हिडिओ गेममधल्या बऱ्याच प्राण्यांचा हिशेब सरळ घनाचा आहे: जितकी लेव्हल, तिच्या घनाइतके एकूण गुण. दहाव्या लेव्हलला १,०००, पन्नासाव्या लेव्हलला १,२५,०००, शंभराव्या लेव्हलला १०,००,०००. नववीवरून दहावीवर जायला २७१ गुण पुरतात, एकोणपन्नासावरून पन्नासवर जायला ७,३५१ लागतात आणि नव्याण्णववरून शंभरवर जायला २९,७०१. म्हणजे शेवटची पायरी सुरुवातीच्या पायरीपेक्षा शंभरपटीहून उंच. पोरं कंटाळून खेळ सोडत कशी नाहीत?

कारण मिळकतही वाढत असते. सुरुवातीच्या आवृत्त्यांत रानटी प्राण्याला हरवल्यावर मिळणारे गुण असे काढत: त्या जातीचा ठरलेला आकडा गुणिले त्याची लेव्हल, भागिले सात. जातीचा आकडा १०० धरू आणि समोरचा आपल्याच तोडीचा आहे असं समजू. दहाव्या लेव्हलच्या आसपास एका लढतीचे साधारण १४३ गुण पडतात, दोन लढतींत काम होतं. पन्नासच्या आसपास ७१४, म्हणजे दहा-अकरा लढती. शंभरजवळ १,४२८, म्हणजे एकवीस. पडद्यावरचा आकडा शंभरपट फुगला, कष्ट मात्र दहापटच वाढले. खेळाडूला डोंगर चढल्याचा अभिमान मिळतो आणि पायाखालचा चढ सोसवेल इतकाच राहतो. हे कौशल्याचं काम आहे.

सगळेच इतके दयाळू नसतात. ‘रूनस्केप’ या ऑनलाइन खेळात ९९ वी लेव्हल गाठायला १,३०,३४,४३१ गुण लागतात, आणि त्यातले निम्मे होतात तेव्हा तुम्ही ९२ वर असता. शेवटच्या सात पायऱ्या म्हणजे अर्धी वाट!

गणिताला मनाची साथ लागते. क्लार्क हल या मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये मांडलं की खाऊ जवळ आला की उंदराचा वेग वाढतो. माणसाचंही तसंच. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नुनेस आणि ड्रेझ या संशोधकांनी गाडी धुण्याच्या केंद्रावर कार्डं वाटली: दर धुण्याला एक शिक्का, सगळी घरं भरली की एक धुणं फुकट. काहींवर आठ रिकामी घरं होती. काहींवर दहा, पण दोन आधीच शिक्का मारलेली. दोन्हीकडे गाडी आठदाच धुवायची. पहिल्या गटातल्या १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केलं, दुसऱ्यातल्या ३४ टक्क्यांनी. नवीन खेळात पहिल्या पाच मिनिटांत दोन-तीन लेव्हल फुकट पदरात पडतात, त्या ह्यासाठी.

तरी हे सगळं वाईट ठरवायला मी तयार नाही. गायन-वादनात प्रारंभिकपासून विशारदपर्यंत परीक्षा असतात. त्या पायऱ्यांमुळे शिकणाऱ्याला आपण कुठवर आलो ते कळतं, आणि प्रत्येक पायरीला नवे राग, नवे ताल पुढ्यात येतात. चांगल्या खेळात लेव्हल हेच करते: जुनी चाल हातात बसली की नवी उघडते. वाईट खेळात तुमचा वार १० चा आणि शत्रूचा जीव ५० चा असतो. महिन्याभराने वार १,००० चा होतो आणि जीव ५,००० चा. तेव्हाही पाच वार, आताही पाचच. हात काहीच नवं शिकलेला नसतो.

माझा खरा राग आहे तो घड्याळाला बांधलेल्या बढतीवर. रोज हजेरी लावली नाही तर बक्षीस बुडतं, हंगाम संपला की रँक खाली येते, पास विकत घेतला की वाट लवकर सरते. त्यात नशिबाच्या पेट्या (लूट बॉक्स, आत काय निघेल हे उघडेपर्यंत कळत नाही) आल्या की गोष्ट आणखी बिघडते. बक्षीस कितव्या खेपेला येईल हे ठाऊक नसलं की प्राणी बटण दाबतच राहतो, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर दाखवून दिलं होतं. मांडवीतल्या कॅसिनोमधलं स्लॉट मशीन याच तत्त्वावर चालतं. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन घ्यायच्या अशा पेट्यांना जुगार ठरवलं, ते मला पटतं.

रचना बदलून खेळाडूला विश्रांतीकडेही वळवता येतं. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळाच्या, तो बाजारात येण्याआधीच्या चाचणीत फार वेळ खेळणाऱ्याचे गुण कापले जात, लोक वैतागले. मग तोच हिशेब उलटा मांडला: विश्रांती घेऊन परतलेल्याला काही काळ शत्रू मारल्याचे दुप्पट गुण. गणित जवळपास तेच राहिलं आणि तक्रारी थांबल्या.

गोव्यातल्या शाळांत आता मुलं स्क्रॅचवर, म्हणजे मुलांसाठीच्या सोप्या प्रोग्रॅमिंग साधनावर, छोटे खेळ बनवतात. शिक्षकांनी त्यांना हा हिशेब जरूर करायला द्यावा. आधी वहीत लिहायचं, एका लेव्हलला किती मिनिटं लागावीत आणि त्या लेव्हलला खेळणारा नवीन काय शिकेल. गुणांचे आकडे त्यानंतर, त्या मिनिटांवरून काढायचे. मग खेळ शेजारच्या बाकावरच्या मुलीला द्यायचा आणि ती कुठे कंटाळते ते तिच्या शेजारी बसून बघायचं.