पाताळपाणीला पाणी अचानक का चढतं?

श्रावणातला रविवार आला की इंदूरच्या आमच्या मराठी घरांत भल्या पहाटे डबे भरले जातात आणि गाड्या महूच्या पुढे पाताळपाणीला निघतात. चोरल नदी इथे सुमारे 300 फूट खाली कोसळते.

पण ती इथेच का कोसळते? इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंचीवर आहे. दक्षिणेला साठेक किलोमीटरवर, बडवाह्याजवळ, नर्मदा त्याहून जवळजवळ 400 मीटर खालून वाहते. जवळच्याच जानापावला उगम पावणारी चंबळ उत्तरेला वळते आणि सावकाश यमुनेला जाऊन मिळते. चोरलला मात्र नर्मदेपर्यंत थोड्या अंतरात खूप उतरायचं असतं, म्हणून ती खडक कापत जाते.

हा खडक म्हणजे बेसॉल्ट, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थरावर थर साचून थिजलेला लाव्हा. कड्यातून सुटून पडलेला एखादा दगड हातात घेऊन बघा. एका बाजूने काळा, गुळगुळीत, घट्ट असतो, तर दुसऱ्या बाजूला अनारशासारखी जाळी. लाव्हा थिजताना वर आलेल्या वायूच्या बुडबुड्यांची ती छिद्रं. जाळीदार थर लवकर झिजतो, वरचा घट्ट थर अधांतरी राहतो आणि एक दिवस उभ्या भेगांवरून तुटतो. असा हा धबधबा हळूहळू महूच्या दिशेने मागे सरकतो आहे.

दरीचं हे देखणेपण ज्या खडकामुळे आणि उतारामुळे, त्यांच्यामुळेच तिथे धोकाही आहे. माळव्याची काळी माती एकदा भिजून फुगली की आणखी पाणी फारसं पीत नाही, आणि खालचा घट्ट दगडही मुरू देत नाही. वर पठारावर जोराची सर आली की ते सगळं पाणी थेट नदीत उतरतं. तुमच्या डोक्यावर तेव्हा ऊन असू शकतं. 2011च्या जुलैमध्ये इथेच सहलीला आलेले पाच जण लोंढ्यात वाहून गेले. त्यातले तिघे दगावले.

गुडघाभर पाण्याला काय घाबरायचं, असं पुष्कळांना वाटतं. पण वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. सेकंदाला 1 मीटर वेगाचं गुडघाभर पाणी पायांवर साधारण सात-आठ किलोचा जोर लावतं. तेच 3 मीटरने आलं तर जोर सत्तर किलोच्या घरात जातो, म्हणजे जवळपास एका माणसाच्या वजनाइतका. त्यात शेवाळलेला बेसॉल्ट!

गेल्या पावसाळ्यात आम्ही वरच्या अंगाला, नदीच्या काठाशी बसलो होतो. नितळ पाणी बघता बघता चहाच्या रंगाचं झालं, त्यावर सागाची पानं आणि काटक्या येऊ लागल्या, आवाजही जड झाला. पाणी अजून वीतभरही चढलं नव्हतं. आम्ही मुलांना उचललं, सतरंजी तशीच गुंडाळली आणि वर आलो. दहा मिनिटांत आमची बसायची शिळा पाण्याखाली गेली होती.