उंच तीळ म्हणजे चामखीळ नव्हे

‘सपाट असला तर तीळ, वर आलेली असली तर चामखीळ.’ चेहऱ्यावरचा तीळ काढायचा का, असा विषय निघाला की हे वाक्य कोणीतरी बोलतंच आणि बाकीचे माना डोलावतात. ते साफ चुकीचं आहे. चूक नुसती शब्दाची असती तर मी सोडून दिली असती. पण तिच्याच भरवशावर लोक चेहऱ्यावरचे तीळ जाळून घेतात आणि पुढे वर्षभर आरशात डाग बघत बसतात.

चामखीळ सगळ्यांच्या ओळखीची आहे, त्यामुळे थोडक्यात. खरखरीत, वर बारीक तुरे असलेली चामखीळ एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होते आणि पसरू शकते. मानेवर किंवा पापणीवर देठाने लोंबते ती मऊ गाठ वेगळी. तिलाही आपण चामखीळच म्हणतो. तिसरा प्रकार सावळ्या चेहऱ्यांवर फार दिसतो: गालांवर आणि डोळ्यांभोवती वयाबरोबर वाढत जाणारे बारीक काळे उंचवटे. ‘हल्ली तीळ वाढत चाललेत’ अशी तक्रार बहुतेक वेळा यांच्याबद्दल असते. हे तीळ नव्हेत. यांना डीपीएन म्हणतात, १९२५ साली कॅस्टेलानी या डॉक्टरांनी त्यांचं पहिलं वर्णन केलं. घराण्यात असतात आणि निरुपद्रवी असतात. या तिघांचं मूळ उथळ आहे. ते जाळून निघतात, कधी नवे येतात, आणि सावळ्या त्वचेवर जोरात जाळले तर मागे डाग राहतात. इथवर ठीक.

आता तीळ. तीळ म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा, मेलॅनोसाइटचा, पुंजका. लहानपणी किंवा वयात येताना तो उगवतो तेव्हा या पेशी वरच्या थराच्या तळाशी असतात, म्हणून तीळ सपाट आणि गडद दिसतो. पुढे वर्षानुवर्षं त्या खालच्या थरात उतरत जातात. तीळ हळूहळू घुमटासारखा वर येतो, रंग फिका होतो, कधी पार त्वचेच्या रंगाचा होतो आणि त्यातून एखादा जाड केसही निघतो. हा तिळाचा नेहमीचा प्रवास आहे. नाकाशेजारी, हनुवटीवर, वरच्या ओठाजवळ प्रौढ माणसांना जे मऊ उंचवटे असतात, ते पुष्कळदा असे जुने तीळच असतात. काही जण त्यांना मस म्हणतात. म्हणा, पण चामखीळ म्हणू नका.

बोटाने हलकेच दाबून बघा. उंच तीळ मऊ, गुळगुळीत लागतो, चिमटीत धरला की दबतो. विषाणूची चामखीळ खडबडीत लागते, नीट पाहिलं तर तिच्यात काळे टिंबटिंब दिसतात. त्या रक्त गोठलेल्या बारीक केशवाहिन्या असतात. डीपीएन त्वचेवर वरून चिकटवल्यासारखा दिसतो. सगळ्यात उपयोगी पुरावा मात्र जुना फोटो. शाळेच्या फोटोत त्याच जागी सपाट काळा ठिपका असेल तर तो तीळच. तरीही शेवटचा शब्द त्वचारोगतज्ज्ञाचा. त्यांच्या हातातल्या डर्मोस्कोपमधून, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगातून, जे दिसतं ते मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिसत नाही.

एवढा खल कशासाठी, तर जाळण्याआधी हा फरक कळावा म्हणून. लेझर, रेडिओफ्रिक्वेन्सी, कॉटरी, नाव काहीही असो. सरळ जाळलं की तिळाचा वरचा भाग वाफ होऊन जातो. पण उंच तिळाच्या पेशी खाली केसांच्या मुळांभोवती पसरलेल्या असतात. ‘लेझरने मुळासकट काढून देतो’ या वाक्याचा मला मनस्वी राग आहे. मुळापर्यंत जाळत गेलं तर खड्डा पडतो, खड्डा नको म्हणून थांबलं तर मूळ राहतं. यातून सुटका नाही.

माझ्या धाकट्या बहिणीच्या नाकाशेजारी असा तीळ होता. ‘चामखीळ आहे, दहा मिनिटांचं काम’ असं सांगून तो जाळला. आठवड्याभरात खपली पडली, जागा गुलाबी दिसली, ती खूश झाली. चार महिन्यांनी त्या फिक्या व्रणाच्या मधोमध वेडावाकडा तपकिरी ठिपका उगवला. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘काढलेला भाग तपासायला दिला होता का?’ द्यायला काही उरलंच नव्हतं. त्यांनी ठिपक्याचा तुकडा काढून पाठवला, वर आधी जाळल्याची स्पष्ट नोंद केली. रिपोर्ट साध्या तिळाचा आला. पण रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस तिने कसे काढले, ते मी पाहिलंय.

ती नोंद महत्त्वाची होती. अर्धवट काढलेला तीळ व्रणातून पुन्हा उगवतो तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली तो मेलॅनोमासारखा, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगासारखा, दिसू शकतो. १९७५ साली याला ‘स्यूडोमेलॅनोमा’ असं नावच दिलं गेलं. पूर्वी काय होतं, हे तपासणाऱ्याला कळलं नाही तर साधा तीळ भलत्याच नावाने परत येऊ शकतो. आणि उलट धोका जास्त मोठा: जाळलेली गोष्ट मुळात तीळ नसून कर्करोग असेल, तर तपासायला काही न उरल्याने ते वेळेवर कळत नाही.

म्हणून माझं मत ठाम आहे. तीळ काढायचाच तर पात्याने काढून घ्यावा आणि तुकडा तपासायला जावा. उंच तीळ त्वचेच्या पातळीला तासून काढता येतो. टाके नाहीत, व्रण लहान. पण केस किंवा रंग परत येऊ शकतो. पूर्ण कापून काढला तर परत येण्याची शक्यता फार कमी, पण रेघ उरते, आणि ती तिळाच्या रुंदीच्या साधारण तिप्पट लांब असते. ५ मिमीच्या तिळासाठी दीड सेंटिमीटर. हे गणित आधी कोणी सांगत नाही. लहान, सपाट तीळ केवळ खटकतो म्हणून काढायला मी कोणालाही सुचवणार नाही, कारण तिथे व्रण तिळापेक्षा मोठा होणार. दाढी करताना दर वेळी कापला जाणारा किंवा चष्म्याखाली घासणारा उंच तीळ असेल, तर खुशाल काढा. आणि वर्षानुवर्षं फोटोत तोंड वळवायला लावणारा तीळ असेल, तर तेही कारण पुरेसं आहे. त्यासाठी कोणाला स्पष्टीकरण द्यायची गरज नाही.

‘पुढे कॅन्सर नको म्हणून काढून टाकते’ हे कारण मात्र टिकत नाही. मेलॅनोमांपैकी सुमारे ७०% जुन्या तिळातून येतच नाहीत, ते स्वच्छ त्वचेवर नव्याने उगवतात. तीळ कापल्याने कॅन्सर होतो, हीसुद्धा तितकीच निराधार भीती.

एका बाबतीत सौंदर्याचा प्रश्नच बाजूला ठेवायचा. दोन अर्धे एकसारखे नसलेला, कडा फाटल्यासारखा, एकाहून जास्त रंगांचा, ६ मिमीपेक्षा मोठा किंवा काही महिन्यांत बदललेला तीळ आधी दाखवायचा. चाळिशीनंतर नव्याने आलेला ‘तीळ’, विशेषतः नाकावर किंवा डोळ्याजवळ, चकचकीत कडेचा, मधूनमधून रक्त येणारा, हाही आधी दाखवायचा. सावळ्या त्वचेवर बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कर्करोग पुष्कळदा असाच काळसर दिसतो आणि तीळ म्हणून खपून जातो. अशी जागा जाळायला कोणी तयार झालं तर खुर्चीतून उठा.

काढायचं ठरलंच तर त्याआधी जवळून, उजेडात एक फोटो काढून ठेवा आणि तपासणीचा रिपोर्ट जपून ठेवा. खपली नखाने काढू नका. जागा भरून आली की निदान काही महिने तिथे रोज सनस्क्रीन लावा, कारण सावळ्या त्वचेवर ताजा व्रण उन्हाने काळा पडतो. व्रणाचा रंग पक्का व्हायला वर्षभर लागू शकतं, तेव्हा दुसऱ्या महिन्यातच ‘बिघडलं’ म्हणून त्यावर पुन्हा लेझर मारून घेऊ नका.