खर्जाच्या शेजारी

मास्टरिंग करताना, म्हणजे तयार मिक्सवर शेवटचा हात फिरवताना, वर्णपटाचा आलेख (कोणत्या वारंवारतेत किती ऊर्जा आहे ते दाखवणारा) शक्य तितका सपाट करावा, म्हणजे ध्वनिमुद्रण संतुलित होते, असा सल्ला हौशी मंडळींना वारंवार दिला जातो, आणि तो चुकीचा आहे. संगीतात बहुतांश ऊर्जा खालच्या वारंवारतांत असते आणि वर जावे तसतशी ती कमी होत जाते. शिवाय अनेक सॉफ्टवेअर डोळ्यांच्या सोयीसाठी आलेख सप्तकामागे काही डेसिबलने, पुष्कळदा ४.५ डेसिबलने, तिरपा करूनच दाखवतात. म्हणजे सपाट काय दिसेल, हे संगीताइतकेच त्या सेटिंगवरही अवलंबून असते.

हा आलेख काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, हे मला एका गायिकेने घरी केलेल्या मुद्रणाने नीट शिकवले. पट्टी काळी चार होती, म्हणजे षड्ज पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीवर. ४४० हर्ट्झच्या मापाने जुळवलेल्या पेटीवर हा षड्ज २०७.७ हर्ट्झचा, म्हणून तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे एक सप्तक खालचा षड्ज, १०३.८ हर्ट्झचा. (४३२ हर्ट्झला जुळवलेले संगीत निसर्गाशी एकरूप असते, हा प्रचार इथेच बाजूला ठेवावा. हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला होणारी कंपने, आणि सेकंद हे माप माणसाने ठरवलेले आहे. त्यावर बेतलेल्या आकड्यात विश्वाचे रहस्य असू शकत नाही.) मुद्रणात खर्ज छेडला की त्यावर सेकंदाला जवळजवळ चार हेलकावे ऐकू येत होते. तार उतरली असेल म्हणावे, तर जोडाच्या (मधल्या दोन) तारांशी खर्ज चोख जुळत होता. आलेखात मात्र शंभराच्या आसपास एकच रुंद उंचवटा दिसत होता.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असते आणि तिच्या उपकरणांमुळे येणारे हमिंग, म्हणजे सततची गुणगुण, अनेकदा दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झवर जोरकस असते. जवळच्या दोन स्वरांत जितक्या हर्ट्झचा फरक, तितके हेलकावे सेकंदाला ऐकू येतात. खर्जापासून हमिंग ३.८ हर्ट्झ दूर, म्हणून सेकंदाला जवळजवळ चार हेलकावे. मग आलेखाला हे दोन आवाज वेगळे का दिसले नाहीत?

कोणताही ध्वनी साध्या लहरींच्या बेरजेने मांडता येतो, हा विचार फ्रेंच गणितज्ञ फूरिये यांनी १८२२ च्या उष्णतेवरील ग्रंथात मांडला, आणि कूली व टुकी यांच्या १९६५ च्या जलद गणनपद्धतीमुळे ही फोड संगणकावर क्षणार्धात होऊ लागली. सॉफ्टवेअर ध्वनीचा एक तुकडा घेते, त्याला खिडकी म्हणतात, आणि त्यात कोणती लहर किती आहे ते मोजते. माझी खिडकी ४०९६ नमुन्यांची होती (नमुना म्हणजे ध्वनीचे एका क्षणाचे मोजमाप). सेकंदाला ४४,१०० नमुने या हिशेबाने ती ९३ मिलिसेकंदांची. तेवढ्या वेळात हमिंगची ९.३ आवर्तने होतात आणि खर्जाची ९.६५. दोन टाळकरी किंचित वेगळ्या लयीत वाजवत असतील, तर दोन-चार ठोक्यांत तो फरक कळत नाही. एकजण दुसऱ्याच्या निदान एक ठोका पुढे जाईपर्यंत थांबावे लागते. इथे त्याला ०.२६ सेकंद लागतो, आणि खिडकीच्या दोन्ही कडांना ध्वनी हळूहळू मंद केलेला असल्यामुळे प्रत्यक्षात साधारण दुप्पट. मी खिडकी ३२,७६८ नमुन्यांची, म्हणजे ०.७४ सेकंदाची केली, आणि एका उंचवट्याची दोन टोके झाली: एक १०० वर, दुसरे १०३.८ वर.

याची किंमतही असते. पाऊण सेकंदात द्रुत लयीतले तबल्याचे कितीतरी बोल येऊन जातात, आणि त्यातली कोणती वारंवारता कोणत्या बोलाची, हे मग आलेख सांगत नाही. वेळ आणि वारंवारता एकाच वेळी हवी तितकी अचूक मिळत नाही, हे भौतिकशास्त्रज्ञ गाबोर यांनी १९४६ मध्ये गणिताने मांडले. सॉफ्टवेअर कितीही महाग घेतले, एका बटणात मास्टरिंग करून देण्याचे आश्वासन कोणी कितीही दिले, तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही.

इक्वलायझरलाही, म्हणजे निवडक वारंवारता कमी-जास्त करणाऱ्या साधनालाही, तोच नियम लागू आहे. खर्जाला धक्का न लावता १०० हर्ट्झ कापायचे, तर चीर जेमतेम दोन हर्ट्झ रुंद हवी, म्हणजे क्यू (वारंवारता भागिले चिरेची रुंदी) ५० च्या आसपास. इतकी अरुंद चाळणी स्थिरावायला सुमारे अर्धा सेकंद घेते, आणि प्रत्येक आघातामागे त्या वारंवारतेची शेपटी सोडते. मास्टरिंगच्या टप्प्यावर गळा, तबला, तंबोरा असे सगळे एकाच मिक्समध्ये एकत्र आलेले असते, त्यामुळे हा परिणाम सगळ्यांवरच होतो. म्हणूनच तिथे रुंद आणि अर्ध्या-एक डेसिबलचे बदल शोभतात. शस्त्रक्रिया त्याआधी व्हावी.

मी मुद्रण परत पाठवले आणि लॅपटॉपचा चार्जर काढून तंबोरा पुन्हा मुद्रित करण्यास सुचवले. नव्या मुद्रणात, त्याच लांब खिडकीत, १०३.८ वर एकच टोक होते, हेलकावे नव्हते, आणि खर्जाच्या पाचपट, ५१९ हर्ट्झवर, स्वयंभू गंधार, म्हणजे खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार, स्पष्ट उभा होता.