रेशमाच्या आधी तुती

रेशीम म्हटलं की सगळे ती राणीचीच गोष्ट सांगतात. हुआंगदी सम्राटाची बायको लेइझू तुतीखाली चहा पीत बसलेली, वरून रेशमाच्या किड्याचा कोश टपकन कपात पडला, गरम पाण्यात सैल झाला आणि ही बाई धागा ओढतेय तर संपेचना. काळ म्हणे इ.स.पू. 2700 च्या आसपासचा. गोष्ट झकास आहे, पण राणीसाहेब जरा उशिराच आल्या असं वाटतं, कारण हनान प्रांतात जियाहू इथे साडेआठ हजार वर्षं जुन्या थडग्यांच्या मातीत रेशमाच्या प्रथिनाचे अंश मिळालेत. 1926 मध्ये शान्शीतल्या शीयिन गावी ली जी यांना खोदकामात एक कोश सापडला, बोटाच्या पेराहून छोटा, धारदार कशानेतरी कापलेला. आता कोश कापला की धाग्याचे तुकडेच होणार, मग कापला कशाला? काही जण म्हणतात आतला किडा खायला. मला पटतं, चीनमध्ये तो आजही तळून खातात.

पण खरी मेख रेशमाच्या अळीत नाही, ती खाते त्या तुतीच्या पाल्यात आहे. अंड्यातून निघाल्यापासून महिनाभरात अळी चारदा कात टाकते, वजन जवळपास दहा हजार पट होतं, आणि सगळ्या पाल्यातला बहुतेक पाला ती शेवटच्या आठवड्यात फस्त करते, तेव्हा खाण्याचा आवाज पाऊस पडल्यासारखा येतो. त्यात ही पाळीव अळी म्हणजे पूर्ण परावलंबी, हजारो वर्षं माणसाच्या हातचं खाऊन तिच्यापासून होणारा पतंग उडायचंच विसरला. ऐन वेळी पाला कमी पडला की घरातल्या बायकांची मेहनत मातीत.

म्हणून तुतीवरून युद्ध झालं यात मला तरी नवल वाटत नाही. इ.स.पू. 518, चीनमधल्या चू आणि वू राज्यांची हद्द, दोन्हीकडच्या गावांतल्या पोरीबायका तुतीच्या झाडांवरून भांडल्या, मग घरं भांडली, मग गावं, शेवटी वूच्या राजाने फौज पाठवून चूची दोन शहरं घेतली. बांधावरचं भांडण म्हणजे काय हे आपल्याला कुणी सांगायला नको!

चीनच्या पश्चिमेला वाळवंटाकाठी खोतान नावाचं राज्य होतं, तिथल्या राजाला दिलेल्या राजकन्येला हे नीट कळत होतं. चीनबाहेर अंडी न्यायला बंदी, तर हिने डोक्यावरच्या मुकुटात अंडी लपवली आणि सोबत तुतीचं बीसुद्धा, नुसती अंडी नेऊन करणार काय. नाक्यावर सगळं तपासलं पण राजकन्येच्या डोक्याला हात कोण लावणार. ही हकीकत ह्युएन त्संगने लिहून ठेवलीय, तोच जो पुलकेशीच्या काळात आपल्याकडेही येऊन गेला. पुढे ऑरेल स्टाइन या पुरातत्त्व संशोधकाला तिथल्याच वाळवंटात दंदान ओइलिक या जागी एक रंगवलेली लाकडी फळी मिळाली, तिच्यावर कोशांची टोपली आहे आणि एक दासी सरळ राजकन्येच्या मुकुटाकडे बोट दाखवतेय.