म्यूटचं बटण : आठ लेपल, दोन संवाद

रंगमंचावर बोलत असतात दोघं, पण लेपल, म्हणजे कपड्यांना लावायचे छोटे माईक, लागलेले असतात आठजणांना. इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाच्या सभागृहात ‘सानंद’ या संस्थेचं नाटक असलं की मिक्सरवरच्या माणसाचं निम्मं काम उरलेल्या सहाजणांचे माईक बंद ठेवण्याचं. उघडे माईक दुप्पट झाले की स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरून शिट्टी येण्याआधी मिळणारा आवाज सुमारे ३ डेसिबलनं घटतो. एकाचे आठ झाले की ९ डेसिबल गेले. मग मागच्या रांगेतून हाक येते, “ऐकू येत नाही!”

साध्या मिक्सर-ॲम्प्लिफायरवर प्रत्येक माईकला एक गोल नॉब. दोन-तीन माईक असले की तेवढ्यानं भागतं. पण नॉब शून्यावर नेला की जमवलेली पातळी मोडते आणि परत आणताना सगळा अंदाजाचा मामला. म्यूटच्या बटणानं माईक बंद होतो, पण फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) जागचा हलत नाही. शिवाय स्टेजवरच्या मॉनिटरला (नटांना ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरला) जाणारा आवाज सहसा फेडरच्या आधीच काढलेला असतो. फेडर पार खाली ओढला तरी मॉनिटरमध्ये तो माईक जिवंतच. म्यूट बहुतेक कन्सोलवर (मोठ्या मिक्सरवर) सभागृहाची आणि मॉनिटरची, दोन्ही वाटा तोडतो.

माईक वाढले तसं एकेक बटण दाबत बसणं अशक्य झालं. १९८५ च्या यामाहा पीएम३००० मिक्सरवर म्यूट ग्रुप होते : एक बटण दाबलं की अख्खा वाद्यवृंद बंद. २०१२ मध्ये आलेल्या बेहरिंगर एक्स३२ नं असे सहा ग्रुप बेताच्या बजेटमध्ये आणून दिले.

घोळ होतो तो दिव्यांचा. एक्स३२ वर लाल दिवा म्हणजे माईक बंद. यामाहाच्या ‘ऑन’ बटणावर दिवा म्हणजे चालू. भाड्याच्या सिस्टिममध्ये आज हे, उद्या ते. मॅकीच्या काही छोट्या मिक्सरवर तर म्यूट केलेला आवाज ‘ऑल्ट ३-४’ या वेगळ्या वाटेनं बाहेर पडतो. म्हणून पडदा उघडण्याआधी प्रत्येक बटण दाबून, कानानं खात्री करायलाच हवी.

सॅन फ्रान्सिस्कोचे डॅन डुगन यांना १९७६ मध्ये स्वयंचलित मिक्सरचं पेटंट मिळालं. जो बोलतो त्याचा माईक हा मिक्सर वर घेतो, बाकीचे आपोआप खाली. परिसंवादाला हे उत्तमच. नाटकाला मात्र संहिता समोर ठेवून बसलेला माणूसच हवा, असं माझं ठाम मत आहे. आई मुलाला मिठीत घेते तेव्हा दोन लेपल एकमेकांना भिडतात, एकच आवाज दोघांत किंचित मागेपुढे शिरतो आणि संवाद पोकळ वाटू लागतो. मिठीच्या क्षणभर आधी एक लेपल म्यूट करायचा. दोघांचं बोलणं दुसरा नीट उचलतो.