आईस हॉकीची वर्ल्ड चॅम्पियनशिप मे महिन्यात का होते, त्यामागची जुनी भानगड

बर्फावरचा खेळ आणि त्याची वर्ल्ड चॅम्पियनशिप मे महिन्यात, हे मुंबईत कुणालाही सांगितलं की आधी विश्वासच बसत नाही. आपल्याकडे घामाच्या धारा लागलेल्या असतात आणि तिकडे युरोपात रात्री ८.२० ची मॅच म्हणजे इथे ११.५० ला पहिला फेसऑफ. त्यात परत कॅनडाची टीम असते पण त्यांचे एकदम टॉपचे प्लेअर बऱ्याचदा नसतात. हे असं का, तर पैसे घेऊन खेळणाऱ्याला देशाकडून खेळू द्यायचं की नाही ह्यावरून मोठं भांडण झालं होतं, त्याची ही सगळी शिल्लक आहे.

जागतिक फेडरेशन १९०८ ला पॅरिसमध्ये सुरू झालं, तेव्हा त्यात कॅनडा नव्हताच, फ्रान्स, बेल्जियम, स्वित्झर्लंड, ब्रिटन आणि बोहेमिया (आजच्या चेक देशाचा भाग) एवढेच. ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला तो १९२० ला अँटवर्पच्या उन्हाळी ऑलिंपिकमध्ये, आणि गोल्ड नेलं विनिपेग फाल्कन्सनी. हो, कॅनडाची निवडलेली नॅशनल टीम वगैरे नाही, एका शहराचा क्लब, ज्यात बहुतेक पोरं आइसलँडहून आलेल्या कुटुंबांतली. १९२४ ला शामोनीला टोरोंटो ग्रॅनाइट्स गेले आणि त्यांनी स्वित्झर्लंडला ३३-० हरवलं. १९३० ला ऑलिंपिकपासून वेगळी अशी पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली तीही शामोनीलाच, पण तिथे हवा गरम झाली, बर्फ वितळला, आणि फायनल उचलून बर्लिनला न्यावी लागली. कॅनडा एवढा पुढे होता की त्याला थेट फायनलमध्येच बसवलं होतं, बाकीच्यांनी आपापसात खेळून एक टीम पाठवायची. जर्मनी आली आणि ६-१ ने हरली.

पुढची तीस वर्षं साधारण असंच चाललं. कॅनडाचे खरे भारी प्लेअर एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या प्रोफेशनल लीगमध्ये, पगार घेऊन खेळायचे, ते प्रोफेशनल म्हणून इथे चालायचे नाहीत, मग एखाद्या गावाचा हौशी क्लब कॅनडा म्हणून जायचा. आपल्या मुंबईत कंपन्यांच्या क्रिकेट स्पर्धेत, टाइम्स शील्डमध्ये, टाटा, निर्लॉन, मफतलालच्या टीम उतरायच्या ना, त्यातलीच एखादी टीम उचलून इंडिया म्हणून वर्ल्ड कपला पाठवली असती तर, तसंच काहीसं. ट्रेल नावाचं ब्रिटिश कोलंबियातलं धातू गाळायच्या भट्टीचं गाव, तिथले स्मोक ईटर्स १९३९ ला जगज्जेते झाले आणि १९६१ ला जिनिव्हात परत झाले, शेवटच्या दिवशी सोव्हिएत युनियनला ५-१ हरवून. असं करणारा हा शेवटचा क्लब. त्यानंतर कॅनडाला वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड मिळायला १९९४ उजाडलं, तब्बल ३३ वर्षं!

कारण दरम्यान रशियन आले होते. त्यांची देशातली पहिली लीग १९४६ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली आणि १९५४ ला स्टॉकहोममध्ये पहिल्याच वर्ल्ड चॅम्पियनशिपला त्यांनी कॅनडाला ७-२ हाणलं, म्हणजे जेमतेम सातआठ वर्षांत! तारासोव्ह, चेर्निशोव्ह ह्या कोचेसनी पासिंगवर बसवलेला वेगळाच गेम उभा केला. कागदावर हे प्लेअर सैनिक नाहीतर कुठल्यातरी खात्याचे नोकर, त्यामुळे नियमात हौशी, पण काम बाराही महिने हॉकीचंच. कॅनडावाल्यांचा जळफळाट इथून सुरू झाला आणि मला तो पटतो, कारण एकाचा पगार मोजायचा आणि दुसऱ्याचा नाही, हा सरळसरळ अन्याय होता. १९६३ ते १९७१ सलग नऊ वेळा सोव्हिएत टीमच जिंकली.

ह्या नऊमधलं १९६९ मात्र थांबून बघायलाच पाहिजे. ऑगस्ट १९६८ ला सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले. पुढची स्पर्धा प्रागमध्येच व्हायची होती, ती स्टॉकहोमला गेली. सहा टीम, प्रत्येकीशी दोनदा खेळायचं, म्हणजे चेकोस्लोव्हाकियाला त्याच देशासमोर दोनदा उभं राहायचं होतं. २१ मार्चला यान सुखीने गोल केला, नंतर अजून एक, आणि २-० ने जिंकले. काही प्लेअरनी जर्सीवरच्या राष्ट्रचिन्हातल्या लाल ताऱ्यावर टेप चिकटवली होती, आणि मॅच संपल्यावर हात मिळवायला कुणी गेलं नाही. २८ मार्चला परत ४-३. त्या रात्री प्रागच्या वेन्सेस्लास चौकात माणसांचा समुद्र लोटला, एरोफ्लोत ह्या सोव्हिएत विमान कंपनीचं ऑफिस फोडलं गेलं, आणि तेच निमित्त करून मॉस्कोने दबाव वाढवला, १७ एप्रिलला सुधारणावादी दुब्चेक चेकोस्लोव्हाकियाच्या कम्युनिस्ट पक्षप्रमुखाच्या खुर्चीवरून खाली, त्यांच्या जागी मॉस्कोला चालणारे हुसाक वर. आणि गोल्ड? तीन टीमचे १६-१६ पॉइंट झाले आणि गोलफरकावर ते सोव्हिएतलाच गेलं, ह्यांना ब्रॉन्झ. पण चेक लोकांना त्या वर्षीच्या त्या दोन मॅच आठवतात, टेबल नाही.

त्याच सुमारास पैशाचं भांडण फुटलं. १९७० ची स्पर्धा कॅनडात होणार होती आणि फेडरेशनने एनएचएलबाहेरचे नऊ प्रोफेशनल घ्यायला हो म्हटलं होतं. मग ऑलिंपिक कमिटीचे अध्यक्ष ब्रंडेज ह्यांचा दम आला की प्रोफेशनलबरोबर खेळाल तर ऑलिंपिकला मुकाल, आणि फेडरेशनने शब्द फिरवला. कॅनडा यजमानपद सोडून बाहेर पडला आणि १९७६ पर्यंत वर्ल्ड चॅम्पियनशिपला आलाच नाही, मधल्या दोन ऑलिंपिकलाही नाही. १९७२ ची ती प्रसिद्ध आठ मॅचची कॅनडा-सोव्हिएत सिरीज ह्याच भांडणातून जन्मली, तिचा निकाल शेवटच्या मॅचला, ३४ सेकंद राहिलेले असताना पॉल हेंडरसनने लावला.

समेट केला तो फेडरेशनचे नवे अध्यक्ष सबेत्स्की ह्यांनी. १९७६ ला कॅटोविसमध्ये स्पर्धा प्रोफेशनलना खुली झाली (तिथे यजमान पोलंडने सोव्हिएतला ६-४ हरवलं आणि तरी शेवटी स्वतःच खालच्या गटात घसरले, बिचारे), त्याच वर्षी सगळे टॉप प्रोफेशनल घेऊन पहिला कॅनडा कप झाला, आणि १९७७ ला व्हिएन्नाला कॅनडा परत आला. ठरलं असं की स्पर्धा उशिरा घ्यायची, म्हणजे ज्यांची एनएचएल टीम प्लेऑफमधून (सीझनच्या शेवटच्या बाद फेऱ्यांमधून) बाहेर पडली ते विमान पकडून येऊ शकतील. हेच ते मे महिन्याचं कारण! जे अजून प्लेऑफमध्ये अडकलेत ते येत नाहीत, आणि लहान देशांना दार किलकिलं होतं. २०२३ ला लाटव्हियाने अमेरिकेला ओव्हरटाइममध्ये हरवून ब्रॉन्झ घेतलं तर त्यांच्या संसदेने मध्यरात्री बसून दुसऱ्या दिवशी सुट्टी जाहीर केली. मला ही स्पर्धा ह्याचसाठी ऑलिंपिकपेक्षा जास्त आवडते.

आपलं काय? भारत १९८९ पासून फेडरेशनचा मेंबर आहे आणि खेळ म्हटलं तर मुख्यतः लडाख, लेहचं कारझू तळं, आर्मीच्या टीम. पुरुषांची टीम २००९ ला अबुधाबीला एशियातली चॅलेंज कप खेळली आणि सगळ्या मॅच हरली. मुली २०१६ ला पहिल्यांदा बाहेर गेल्या आणि २०१७ ला बँकॉकमध्ये फिलिपिन्सला ४-३ हरवून पहिला इंटरनॅशनल विजय आणला. देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी मोठी इनडोअर रिंक (छपराखालचं बर्फाचं मैदान) बांधली होती, ती पुढे कित्येक वर्षं बंद पडून राहिली, ह्याचा मला खरंच राग येतो. कारण लडाखच्या तळ्यावरचा बर्फ मार्चपर्यंत संपतो आणि इंटरनॅशनल मॅच कधीही लागते. २०२५ ची महिलांची एशिया स्पर्धा अल ऐनला ऐन मे-जूनच्या तोंडावर होती, तिथून ह्या मुलींनी ब्रॉन्झ आणलं.