पहिल्या तीन तासांतले संशोधन : गंभीर जखमींवरील उपचार-चाचण्यांची पार्श्वभूमी

औषधाच्या चाचणीची नेहमीची पद्धत सर्वांना ठाऊक असते. रुग्णाला माहितीपत्रक द्यायचे, घरी जाऊन विचार करायला सांगायचे, शंका फेडायच्या, मग सही घ्यायची. गंभीर जखमी माणसाच्या बाबतीत यातले काहीच जमत नाही. तो बेशुद्ध असतो, नातेवाईक अजून वाटेत असतात, कधी कधी तर त्याचे नावही कळलेले नसते. आणि जे रक्तस्रावाने दगावतात, त्यांतले बहुतेक पहिल्या काही तासांतच दगावतात. म्हणून या शाखेतल्या चाचण्यांचा इतिहास मुख्यतः वेळेचा इतिहास आहे. संमतीचे वाद वेळेमुळे झाले, चांगली औषधे वेळेमुळे निकामी ठरली आणि गाजलेले काही निष्कर्षही वेळेचा हिशेब चुकल्यामुळे फसले.

आधी प्रश्न होता तो मोजमापाचा. ‘गंभीर’ म्हणजे किती, यावरच एकमत नसेल तर दोन रुग्णालयांतले रुग्ण एका गटात घालता येत नाहीत. १९७४ साली दोन मोजपट्ट्या आल्या. ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी शुद्धीची पातळी मोजण्याची पट्टी मांडली; आज ती ३ ते १५ गुणांची आहे. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांची बेरीज ८ किंवा त्याहून कमी आली, तर मेंदूची इजा गंभीर. त्याच वर्षी सुझन बेकर आणि सहकाऱ्यांनी शरीरभरच्या जखमांसाठी इजा-तीव्रता गुण मांडले. सर्वाधिक मार लागलेले शरीराचे तीन भाग घ्यायचे, प्रत्येकाच्या इजेच्या श्रेणीचा वर्ग करायचा आणि बेरीज करायची. छातीला ४, पोटाला ३ आणि पायाला २ अशी श्रेणी असेल, तर १६, ९ आणि ४ मिळून २९ होतात. १५ च्या वर गेले की गंभीर, आणि कमाल ७५. ही पट्टी आजही वापरात आहे, पण तिची एक अडचण आहे. स्कॅन आणि शस्त्रक्रिया होईपर्यंत हे गुण नक्की कळत नाहीत. त्यामुळे चाचणीत कोणाला घ्यायचे हे यावरून ठरवता येत नाही. दारातच निर्णय घ्यायचा, तर हाताशी असते ते एवढेच : वरचा रक्तदाब ९० च्या खाली आहे का, नाडी ११० च्या वर आहे का, शुद्धीचे गुण किती. साहजिकच चाचणीत असेही रुग्ण येतात ज्यांचा रक्तस्राव मुळात मोठा नव्हता, आणि ते निकाल पातळ करतात.

सही कोणाची?

१९४७ च्या न्युरेंबर्ग संहितेचे पहिलेच कलम सांगते की माणसाची स्वेच्छेची संमती अत्यावश्यक आहे. छळछावण्यांतल्या प्रयोगांनंतर ते कलम लिहिले गेले, त्यात पळवाट ठेवायची नव्हती हे योग्यच होते. पण बेशुद्ध रुग्ण त्यात बसेना. १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यात कायदेशीर पालकाच्या संमतीची सोय झाली. तरी पालकच हजर नसेल तर काय, हा प्रश्न उरला.

अमेरिकेत १९९६ साली अन्न व औषध प्रशासनाने त्यासाठी स्वतंत्र नियम केला. संमतीशिवाय रुग्ण घेता येतो, पण अटी कडक आहेत. जिवाला धोका हवा. उपलब्ध उपचार असमाधानकारक किंवा अप्रमाणित हवा. रुग्णाला स्वतःला फायदा होण्याची शक्यता हवी. उपचाराची वेळमर्यादा आधी लिहून ठेवायची आणि त्या मर्यादेत नातेवाइकाचा शोध घेतल्याची नोंद ठेवायची. चाचणीपूर्वी त्या भागातल्या लोकांशी चर्चा, चाचणीआधी आणि नंतर जाहीर निवेदन, आणि आकड्यांवर लक्ष ठेवणारी स्वतंत्र समिती. ज्यांना भाग घ्यायचा नाही त्यांनी मनगटात खास पट्टी घालावी, अशीही सोय काही चाचण्यांत होती. अपघाताची वेळ सांगून येत नाही, तेव्हा ही पट्टी किती जण रोज घालतील, हा आक्षेप रास्तच आहे.

या नियमाखालच्या सुरुवातीच्याच चाचणीने सगळ्यांना धडा दिला. रक्ताला पर्याय म्हणून रासायनिक प्रक्रिया केलेले हिमोग्लोबिन शॉकमधल्या, म्हणजे अवयवांना पुरेसे रक्त पोहोचत नसलेल्या, जखमींना दिले जात होते. १९९८ साली ९८ रुग्णांनंतर ती थांबवली. २८ दिवसांत औषधाच्या गटात ५२ पैकी २४ दगावले होते, सलाइनच्या गटात ४६ पैकी ८. म्हणजे ४६ टक्के विरुद्ध १७ टक्के. कारण आता उमगले आहे. लाल पेशीबाहेर मोकळे फिरणारे हिमोग्लोबिन रक्तवाहिन्यांना सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते. वाहिन्या आवळतात, मॉनिटरवर रक्तदाब चांगला दिसतो आणि अवयवांना मात्र रक्त कमीच पोहोचते. आकडा सुधारला म्हणजे रुग्ण सुधारला असे नव्हे, हे या शाखेत तेव्हापासून फार गंभीरपणे घेतले जाते. लक्ष ठेवणारी समिती नसती तर आणखी किती जण गेले असते, याचा विचारही नको वाटतो.

पुढे २००३ ते २००६ मध्ये पॉलिहीम या दुसऱ्या पर्यायाची चाचणी झाली. रुग्णवाहिकेत रक्त नसते, तिथे सलाइनशी तुलना समजण्यासारखी होती. पण रुग्ण रुग्णालयात पोहोचल्यावरही, जिथे खरे रक्त उपलब्ध होते, १२ तासांपर्यंत हाच पर्याय चालू ठेवला गेला. ‘उपलब्ध उपचार असमाधानकारक हवा’ ही अट इथे मोडते, असे नीतिशास्त्राच्या अभ्यासकांनी ठणकावून सांगितले, आणि ते बरोबर होते. ३० दिवसांचे मृत्यू पॉलिहीमच्या गटात १३.४ टक्के, दुसऱ्या गटात ९.६ टक्के असे निघाले. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही, पण त्या द्रवाला मान्यताही मिळाली नाही.

युरोपात औषध-चाचण्यांबाबतच्या २००१ च्या निर्देशात आणीबाणीसाठी अपवादच नव्हता. तो युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमावलीत आला आणि ३१ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. आधी उपचार सुरू करायचे आणि मग लवकरात लवकर रुग्णाची किंवा नातेवाइकाची संमती घ्यायची. संमती नाकारली तर मिळालेली माहिती वापरू न देण्याचा हक्क त्यांना असतो.

दोन हजार रुग्ण पुरेसे का नव्हते

मेंदूतल्या गाठीभोवतीची सूज स्टेरॉइडने उतरते. म्हणून डोक्याला मार लागलेल्यांनाही ते दशकानुदशके दिले गेले. १९९७ पर्यंतच्या सगळ्या चाचण्या एकत्र केल्या तरी रुग्ण भरत होते सुमारे २,०००, आणि उत्तर ‘कदाचित थोडा फायदा, कदाचित थोडे नुकसान’ असेच येत होते. इथे गणित समजून घ्यावे लागते. मृत्युदर २० टक्क्यांवरून १० वर आणणारे औषध असेल, तर ते ओळखायला प्रत्येक गटात सुमारे २०० रुग्ण पुरतात. २० वरून १५ वर आणणारे असेल तर सुमारे ९००. आणि २० वरून १८ वर आणणारे असेल तर प्रत्येक गटात सुमारे ६,००० लागतात, तेही शंभरात वीस वेळा फरक निसटण्याची तयारी ठेवून. अपघातात मरणारे जगभर लाखोंनी असल्यामुळे दोन टक्के म्हणजे फार मोठा आकडा होतो. तो लहान चाचणीत दिसतच नाही.

लंडनमधून समन्वय होणाऱ्या क्रॅश चाचणीने हे मनावर घेतले. उद्दिष्ट होते २०,००० रुग्ण. मार लागल्यापासून ८ तासांच्या आत, शुद्धीचे गुण १४ किंवा कमी, आणि मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड पहिल्या तासात २ ग्रॅम, मग ४८ तास दर तासाला ०.४ ग्रॅम. २००४ च्या मे महिन्यात ती मध्येच थांबवावी लागली. ४९ देशांतल्या २३९ रुग्णालयांतले १०,००८ रुग्ण तोवर झाले होते आणि दोन आठवड्यांतले मृत्यू स्टेरॉइड गटात २१.१ टक्के, दुसऱ्या गटात १७.९ टक्के होते. साधारण ३१ जणांना औषध दिले की एक जास्तीचा मृत्यू. इतकी वर्षे चांगल्या हेतूने दिलेले औषध माणसे मारत होते आणि ते कोणाच्याच लक्षात येणे शक्य नव्हते, कारण कोणत्याही एका डॉक्टरला ३१ मधला तो एक वेगळा ओळखता येत नाही.

त्याच गटाच्या क्रॅश-२ ने पुढची दिशा ठरवली. औषध ट्रानेक्सॅमिक अॅसिड, जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला शोधलेले, झालेली गुठळी विरघळू न देणारे, आणि स्वस्त. ४० देशांतल्या २७४ रुग्णालयांत २०,२११ रुग्ण घ्यायचे तर कामाची पद्धत अगदी सोपी हवी होती. प्रत्येक रुग्णासाठी क्रमांक घातलेला खोका. त्यात ५०० मिलिग्रॅमच्या चार कुप्या, १०० मिलिलिटरची सलाइनची पिशवी, सिरिंज, सुई आणि क्रमांकाचे स्टिकर. कुप्यांत औषध आहे की नुसता द्रव, हे देणाऱ्यालाही कळत नसे. दोन कुप्या पिशवीत घालून १० मिनिटांत, उरलेल्या दोन पुढच्या ८ तासांत. स्टिकर सलाइनवर, केसपेपरवर आणि नोंदीच्या कागदावर. ते चिकटवायचे राहिले की नंतर कोणता रुग्ण कोणत्या खोक्याचा हे जुळवता येत नाही. रुग्ण निवडताना निकषही साधा ठेवला होता : हे औषध द्यावे की नाही याबद्दल उपचार करणाऱ्या डॉक्टरची खरीच खात्री नसेल, तरच रुग्ण घ्यायचा.

२०१० साली निकाल आला : एकूण मृत्यू १६.० वरून १४.५ टक्क्यांवर. २०११ मधल्या पुढच्या विश्लेषणात खरी गोम कळली. रक्तस्रावाने होणारे मृत्यू पहिल्या तासात औषध दिले तर ७.७ वरून ५.३ टक्के, एक ते तीन तासांत ६.१ वरून ४.८. तीन तासांनंतर दिले तर उलट ३.१ वरून ४.४ टक्के. एकच औषध, एकच डोस, आणि घड्याळाप्रमाणे उपकारक किंवा अपायकारक. पुढे ४०,१३८ रुग्णांच्या एकत्रित माहितीवरून दिसले की दर १५ मिनिटांच्या उशिराने फायदा सुमारे १० टक्क्यांनी घटतो.

आता संमतीकडे परत या. पहिल्या क्रॅशच्या नोंदी तपासल्या, तेव्हा नातेवाइकांच्या लेखी संमतीची सक्ती असलेल्या रुग्णालयांत उपचार सरासरी १.२ तास उशिरा सुरू झाल्याचे आढळले. म्हणजे सहीसाठी थांबण्यानेच चांगले औषधही चाचणीत निकामी ठरू शकते. आणीबाणीतला अपवाद ही सवलत नसून रुग्णाच्या हिताची गरज आहे, या मताला इथे आकड्यांचा आधार मिळाला.

आधी मेला म्हणून प्लाझ्मा मिळाला नाही

इराकमधल्या लष्करी रुग्णालयातल्या २४६ जखमींच्या नोंदी २००७ साली प्रसिद्ध झाल्या. लाल पेशींच्या मानाने प्लाझ्मा (रक्तातला पेशींविना उरणारा, गुठळी बांधणारे घटक असलेला द्रव) सर्वांत कमी मिळालेल्यांत ६५ टक्के मृत्यू, सर्वांत जास्त मिळालेल्यांत १९ टक्के. जगभर उपचाराची पद्धत बदलू लागली. पण प्लाझ्मा उणे १८ अंशांच्या खाली गोठवलेला असतो. ३७ अंशांच्या पाण्यात तो वितळायला वीस-तीस मिनिटे जातात, आणि तोवर लाल पेशींच्या पिशव्या चढत असतात. जो पहिल्या तासा-दोन तासांत जातो, त्याच्या नोंदीत प्लाझ्मा कमीच राहणार. कमी प्लाझ्माच्या गटात मृत्यूपर्यंतचा मध्यक काळ २ तास होता, जास्तच्या गटात ३८ तास. मग प्लाझ्माने जगला, की जगला म्हणून प्लाझ्मा मिळाला?

याचे उत्तर शोधायला प्रॉपर चाचणी झाली. १२ केंद्रे, ६८० रुग्ण, २०१५ साली प्रसिद्ध. वितळवलेला प्लाझ्मा सदैव तयार ठेवायचा आणि बोलावल्यापासून १० मिनिटांत खोका खाटेशी पोहोचवायचा, ही केंद्र होण्याची अट. एका गटाला प्लाझ्मा, प्लेटलेट आणि लाल पेशी १:१:१, दुसऱ्याला १:१:२. खोका उघडेपर्यंत गट गुप्त. २४ तासांतले मृत्यू १२.७ विरुद्ध १७.० टक्के निघाले. आखणी १० टक्के फरक पकडण्याची होती, म्हणून मुख्य निकाल ‘फरक सिद्ध नाही’ असा लागला. मात्र रक्तस्रावाने झालेले मृत्यू ९.२ विरुद्ध १४.६ टक्के होते आणि हा फरक पक्का होता. मोजणीचा दिवस लांबचा निवडला की असा फरक आणखी झाकला जातो. तिसाव्या दिवशीच्या मृत्यूंत डोक्याची इजा आणि जंतुसंसर्ग मिसळतात, रक्त थांबवणाऱ्या उपचाराचा त्यांच्याशी फारसा संबंध नसतो.

डोक्याच्या इजेत याच्या नेमके उलटे. तिथे लवकर मोजणे फसवे. रेस्क्यू-आयसीपी या ४०८ रुग्णांच्या चाचणीत कवटीचा भाग काढून दाब कमी केल्यावर सहा महिन्यांचे मृत्यू ४८.९ वरून २६.९ टक्क्यांवर आले. पण जाणिवेविना जिवंत राहिलेले २.१ वरून ८.५ टक्के झाले. केवळ डोक्याच्याच नव्हे, तर एकूणच गंभीर जखमींवरच्या २०२३ च्या पॅच चाचणीतही हेच दिसले. तिथे रुग्णालयात पोहोचण्याआधीच ट्रानेक्सॅमिक अॅसिड दिले. २८ दिवसांचे मृत्यू २१.८ वरून १७.३ टक्के, आणि सहा महिन्यांनी स्वतःचे स्वतः करू शकणारे ५३.५ आणि ५३.७ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. वाचलेल्यांचे पुढे काय झाले हे विचारायला सहा महिन्यांनी फोन करावा लागतो. पत्ते बदललेले असतात, नंबर बंद असतात, आणि असे हरवलेले रुग्ण सरसकट बरे किंवा सरसकट वाईट नसल्याने अंदाजाने भरून काढता येत नाहीत. पहिल्याच दिवशी दोन नातेवाइकांचे नंबर लिहून घेणे हे या कामातले सर्वांत दुर्लक्षित पाऊल आहे.

अलीकडचे काम पुन्हा पहिल्या मिनिटांकडे वळले आहे. शीर सापडत नसेल तर औषध स्नायूतून देता येईल का? २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ३० जखमींच्या अभ्यासात १ ग्रॅम ट्रानेक्सॅमिक अॅसिड स्नायूत टोचले. रक्तातली पातळी लिटरला ५ मिलिग्रॅमवर ४ मिनिटांत आणि १० मिलिग्रॅमवर ११ मिनिटांत पोहोचली.